दोन स्लॉटचा बोर्ड

"स्कार्फ सोडू नगंस बरं का," मुक्ताआत्याने जिन्यातच बजावलं. सृष्टीने गॉगल नीट बसवला आणि कॉम्प्युटरच्या दुकानाचं काचेचं दार ढकललं.

उन्हाळ्यात सोलापुरातल्या निम्म्या मुली अशाच तोंड गुंडाळून फिरतात, त्यामुळे काउंटरमागच्या बिभीषणला संशय यायचं काही कारण नव्हतं. रविवारी तो सृष्टीलाच बघायला करकंबला येणार होता. त्याआधी आपणच त्याला बघून यावं, ही कल्पना सृष्टीची. आत्या नुसती सोबतीला आली होती, पण तिच्याहून जास्त खुशीत होती.

"मदरबोर्ड हवाय," सृष्टी म्हणाली. "मेमरी ओव्हरक्लॉक करायचीय. कंपनीने ठरवलेल्या वेगाच्या वर पळवायचीय."

बिभीषणने दोन खोकी उघडली. एका बोर्डावर मेमरीच्या पट्ट्या खोचायचे चार स्लॉट होते, दुसऱ्यावर दोनच.

"चारवालाच न्या की, ताई. सगळे तोच नेतात."

"ताई नगं म्हनू रं तिला!" आत्या एकदम ओरडली.

"मग काय म्हणू, मावशी?"

"काय बी म्हन. ताई सोडून."

सृष्टीने आत्याला कोपराने ढोसलं.

"पळवायला चार स्लॉट बरे की दोन?" तिने विचारलं.

उत्तर तिला पाठ होतं. दोन; स्लॉट कमी, तेवढी मेमरी जास्त पळते. घरच्या कॉम्प्युटरवर हे उद्योग करण्यात तिची कॉलेजची सगळी वर्षं गेली होती. पण ती उत्तर ऐकायला आलीच नव्हती. मागच्या स्थळाला यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी त्याने अर्धा तास तिलाच शिकवलं, आणि ती पोह्यांची बशी धरून "हो का, हो का" करत बसली. जन्मभर असं "हो का" करायचं तिच्या अगदी जिवावर आलं होतं.

बिभीषण दोन्ही बोर्ड उलटसुलट करून बघत राहिला. थाप मारायला एवढा वेळ पुष्कळ झाला.

"चारवाला खपवला असता मी," तो शेवटी म्हणाला. "पण खरं सांगू? मला माहीत नाही. हितं लोक मेमरी घेतात, लावतात, संपलं. पळवत कुणी नाही."

"मग?"

"सोमवारी या की. रविवारी मी करकंबला चाललोय, मुलगी बघायला. तिला यातलं लई कळतं म्हणे. तिलाच विचारून येतो."

आत्याने पदर तोंडाला लावला.

"पयल्याच भेटीत ह्ये इचारनार व्हय?"

"दुसरं काय विचारू, मावशी? स्वयंपाक मला येतो."

सृष्टीला हसू आवरेना. स्कार्फ होता म्हणून बरं. तिने दोन स्लॉटच्या बोर्डावर बोट ठेवलं.

"हा बांधून ठेवा."

"सोमवारी नेता?"

"नको. रविवारी येताना घेऊन या."

एवढं बोलून ती वळली आणि आत्याच्या दंडाला धरून भराभर जिना उतरू लागली. दोघी शेवटच्या पायरीवर पोचल्या. मग वर काचेचं दार धाडकन उघडलं.

"अहो! मघाशी ताई म्हणालो, ते परत घेतो!"