वेशीवरची

“सिस्टर, दोन मिनिटं थांबा ना, हे ऐका,” नवी म्हणाली, आणि माझ्या एका पायात बूट, एका पायात चप्पल असतानाच तिने मोबाइलवरून मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

नवी म्हणजे आमच्या सर्जरी वॉर्डात चार महिन्यांपूर्वी लागलेली नर्स. तिच्यानंतर अजून कुणी आलेलं नाही, तोवर ती नवीच. सकाळी पावणेसातला कपडे बदलायच्या खोलीत माणसाने तोंड बंद ठेवावं, हे तिला नर्सिंग कॉलेजात शिकवलेलं दिसत नाही.

“‘कणखर नायिकांच्या नऊ मालिका. बघाच, वाचाच.’ मंगा आणि अ‍ॅनिमेची यादी आहे. काय झकास लिहिते ही! सुरुवात ऐका. ‘माझ्या घरात मी एकही कणखर बाई पाहिली नाही. वडिलांनी ताट सरकवलं की आई मुकाट्याने दुसरं वाढायची. शेवटी मी माझ्या बायका चित्रांत शोधल्या.’ काटा येतो की नाही अंगावर?”

मंगा म्हणजे जपानी चित्रकथा, आणि त्याच पडद्यावर हलायला लागल्या की अ‍ॅनिमे. हे ज्ञान मला घरबसल्या मिळालेलं आहे, कारण माझी लेक दहा वर्षं दुसरं काही बोलतच नाही. मी फोन हातात घेतला. लेखिकेचं नाव टोपणनाव होतं. पण वर फोटो होता. पुस्तकांचं कपाट, शेजारी खुर्ची, आणि खुर्चीवर माझी राखाडी शाल.

“बिचारी आई,” नवी म्हणाली. “पण खरं सांगू का, अशा बायकांचा मला रागच येतो. तोंड दिलंय ना देवाने? उघडायचं की!”

“रात्रपाळीची सिस्टर ओव्हर द्यायला खोळंबलीय,” मी म्हणाले. “तोंड मिट आणि चल.”

त्या दिवशी मी तीन वेळा नवीवर खेकसले. तिची काही चूक नव्हती, तरी खेकसले.

लेक तेवीस वर्षांची आहे. परदेशी मालिकांच्या खाली जी वाक्यं येतात ती लिहायचं काम घरूनच करते. तिचा बाप जाऊन चार वर्षं झाली. दुपारी मी घरात शिरले तेव्हा ती कानांवर हेडफोन चढवून टेबलाशी बसली होती. मी तो ओढून काढला.

“ते वाक्य काढ.”

“कुठलं?”

“ताटाचं. आणि त्याच्या आधीचंही.”

ती दचकली नाही, ओशाळली नाही. त्याने माझं डोकं आणखी तापलं.

“तुझं नाव कुठेय त्यात?”

“शाल आहे माझी. घरची लक्तरं वेशीवर टांगायचा तुला वेगळा पगार मिळतो का?”

“खोटं आहे का काही? तेवढं सांग.”

खोटं नव्हतं, हीच तर अडचण होती.

“मी अकरा वर्षांची होते,” लेक म्हणाली. “बाबांनी ताट भिंतीवर मारलं. तू फडकं घेऊन खाली बसलीस आणि पुसायला लागलीस. मी बघत होते तुझ्याकडे. म्हटलं, आता बोलेल, आता बोलेल. तू फडकं पिळून पुन्हा पुसलंस.”

“आणि त्या तुझ्या तलवारवाल्या काय मोठं बोलतात गं?”

“बघितलंयस का काही? वाचलंयस? उगीच नावं ठेवायला काय जातं तुझं! आधी बघ, मग बोल.”

“बघते. नऊच्या नऊ बघते. मग काढशील?”

“बघ तर आधी,” ती म्हणाली आणि हेडफोन पुन्हा चढवला.

पुढचे तीन आठवडे आम्ही घरात दोन भाडेकरूंसारख्या राहिलो. किल्ली कुठे आहे, दूध आलं का, एवढंच बोलणं. मी कामावरून यायचे, पाय वर करून बसायचे आणि तिच्या यादीतल्या मालिका बघायचे. बघताना टिपणं काढत होते. मला दुसरं काही लिहिता येत नाही, ओव्हर तेवढी येते. पाळी बदलताना एका सिस्टरने दुसरीला प्रत्येक खाटेबद्दल जे सांगायचं ती ओव्हर. तिच्यात मत नसतं. डोळ्यांना दिसलं तेवढंच. तीस वर्षं मी ती दिलेली आहे, त्यामुळे कागदावर आपोआप तीच उतरली.

‘मालिका पहिली. मुलगी, वय सोळा. डावा हात कोपरापासून नाही, जागी लोखंडी हात. जखमेचं ड्रेसिंग कुणी केलं ते दाखवलेलं नाही. सहा भागांत एकदाही झोपली नाही. जेवण एकदा, उभ्याने. आई मृत.’

‘मालिका तिसरी. वैमानिक बाई, वय अंदाजे तीस. कामाच्या वेळी केस बांधते. वरिष्ठांशी वाद, रास्त. ताप एकशे दोन असताना विमान चालवलं, हे बरोबर नाही. आई मृत.’

‘मालिका पाचवी. तिघी बहिणी, दीपगृह सांभाळतात. धाकटी चिडखोर पण कामाला चोख. आई मृत. तिघींची मिळून एकच, म्हणून एकदाच धरली.’

मोजून पाहिलं तर आठ मालिकांपैकी सातांत आई मेलेली. आठवीत कोमात होती. आणि कोमातल्या पेशंटचे केस कुणी इतके छान विंचरलेले मी अजून पाहिलेले नाहीत.

नववं होतं ते मंगाचं पुस्तक, मराठीत आलेलं, ‘वेशीवरची’. यादीत लेकीने ते पहिल्या नंबरावर ठेवलं होतं, मी मात्र मुद्दाम शेवटी ठेवलं. ग्रंथालयाचं पुस्तक. त्यांनी वरून खाकी पुठ्ठा चढवलेला, दोन्ही बाजूंनी सारखा. उघडलं की पहिल्या पानावर, नेहमीच्या जागी, तारखांची पट्टी डकवलेली. मी ते डब्याच्या पिशवीत टाकून कामावर नेलं आणि जेवणाच्या सुट्टीत चादरींच्या खोलीत बसून वाचलं.

पहिल्याच पानावर एक बाई एका शहराच्या वेशीत उभी होती. केस कापलेले, हातात भाला, समोर घोडेस्वारांची फौज. ती एकटी आणि मागे दार बंद. पुढे पानं उलटत गेले तसतशी ती लहान होत गेली. आधी तिच्या बाजूला चार सोबती उभे राहिले, मग ती त्यांच्या मागे गेली. मग भाला जाऊन हातात काठी आली. मग काठी जाऊन पाण्याची घागर. केस वाढले, त्यांच्या वेण्या झाल्या. संवादांत उत्तर आधी यायचं आणि प्रश्न नंतर, पण मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या घरी बरीच वर्षं तसंच चालायचं. मग ती गाठोडं घेऊन एका रस्त्याने घराकडे निघाली. कुणी तिला अडवलं नाही, कुणी म्हणालं नाही की अगं, तू वेशीवर उभी होतीस ना? शेवटच्या पानावर एक मुलगी अंगणात उकिडवी बसून भांडी घासत होती. आतून आई विचारत होती, झाली का? ती म्हणत होती, होतायत.

मी चादरींच्या गठ्ठ्यात तोंड खुपसून रडले. तीस वर्षांत त्या खोलीत मी बऱ्याच जणींना रडताना पाहिलंय आणि प्रत्येकीला सांगितलंय की चादरी खराब करू नका.

संध्याकाळी मी टिपणांचे कागद लेकीच्या पुढ्यात टाकले.

“सगळ्या झाल्या. कणखर व्हायचं तर आधी आई मरावी लागते, असं दिसतंय. मी जिवंत राहिले त्याबद्दल माफ कर.”

तिने कागद वाचले. एकदा तिचं तोंड हसण्यासाठी वाकडं झालं, ते तिने आवरलं. “नववीचं काहीच लिहिलं नाहीस?”

“ती एकच खरी आहे. बाकीच्या उड्या मारतात. आधी वेशीवर उभी राहिलेली बाई शेवटी भांडी घासायला बसते, आणि तिचं तिलाही आठवत नाही. लिहिणाऱ्याला कळलंय.”

लेक हसायला लागली. टेबलावर डोकं टेकून, खांदे हलवत हसली. “अगं आई, उलटं वाचलंस! मंगा उजवीकडून वाचतात. ती भांडीवाली सुरुवातीला आहे. ती नंतर वेशीवर जाते! असं कसं वाचलंस तू?”

तिने पुस्तक हिसकावलं, नखाने तारखांची पट्टी उचकटली. खाली छापलेलं होतं: थांबा, ही शेवटची बाजू आहे. दुसरीकडून सुरू करा.

नवखी पोरगी सलाईनची बाटली तोंड वर करून टांगते तेव्हा आम्ही सगळ्या जशा हसतो, तशीच ती हसत होती.

“हसून झालं?” मी म्हणाले. “आता ओव्हर घे. खाट अकरा. पुरुष, वय चाळीस, आतड्याला पीळ. सर्जन दुपारी तीनला आले. तोंडाला दारूचा वास, हात थरथरत होते. सिस्टर, वय सव्वीस, थिएटरच्या दारात उभी राहिली. म्हणाली, आत सोडणार नाही. सर्जननी धक्का दिला, शिव्या दिल्या. सिस्टर हलली नाही. पन्नास मिनिटं. पेशंट दगावला असता तर खापर तिच्याच माथी होतं. मग दुसरे सर्जन आले. ऑपरेशन झालं. सिस्टरची चौकशी झाली. उद्धट वर्तन, असा शेरा. थिएटरमधून कायमची वॉर्डात बदली. त्यानंतर दोन वर्षांनी लग्न. संपली ओव्हर.”

हसू थांबलं. “हे मला कधी का नाही सांगितलंस?”

“तू कधी विचारलंस? तू कपाटात बायका शोधत होतीस.”

मला वाटलं, आता पाघळेल. पण पोरगी माझीच आहे.

“मग बाबांपुढे काय झालं तुला?” ती म्हणाली. “एका सर्जनला दारात अडवतेस आणि घरात फडकं घेऊन खाली बसतेस? हे तर जास्तच वाईट आहे, आई. तुला येत होतं!”

“तिथे पन्नास मिनिटं उभं राहायचं होतं,” मी म्हणाले. “इथे रोज. दमले मी. आणि तू होतीस.”

“मला मध्ये आणू नकोस. गप्प बस म्हणून मी नव्हतं सांगितलं.”

मी उठून आत गेले आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून मी रोज स्वतःच्या फोनवर ती यादी उघडून बघायला लागले. वाक्य होतं तिथेच होतं. खाली लोकांनी लिहिलेलं असायचं, किती खरं, माझीही आई अशीच. एवढ्या सगळ्या आया कुठे कुठे फडकं पिळत असतील, आणि एकीनेही खाली येऊन काही लिहिलेलं नव्हतं. मीही लिहिलं नाही. नवीने एकदा डोकावून विचारलं, “सिस्टर, तुम्हीपण वाचता?” मी म्हटलं, “हो. नऊच्या नऊ बघितल्यात. तुझ्या किती झाल्या?” तिच्या दोन झाल्या होत्या.

आठवड्यानंतर रात्रपाळी करून सकाळी घरी आले. लेक टेबलाशी बसली होती. हेडफोन नव्हता. समोर खाकी पुस्तक होतं आणि ती ते पट्टीच्या बाजूने वाचत होती, शेवटाकडून. निम्म्याच्या पुढे गेली होती, काठी आणि घागर यांच्या मधल्या पानांवर. मी पिशवी हळू ठेवली.

“वाक्य काढणार नाहीये मी,” ती मान वर न करता म्हणाली.

“मी विचारलं का?”

“घरात तशी बाई मी पाहिली नाही, हे खरंच आहे.”

“खरंच आहे,” मी म्हणाले. राग यायला हवा होता, पण आला नाही. मी हातपाय धुतले आणि तिच्या समोरच्या खुर्चीत बसले. झोप आली होती, पण ती वाचत असताना आत जाववेना. ती सावकाश वाचत होती. शेवटच्या पानावर बराच वेळ थांबली. मग पुस्तक मिटलं आणि दोन्ही हात त्याच्यावर ठेवले.

“तो अकरा नंबर,” ती म्हणाली. “त्याचं पुढे काय झालं?”

चौकशीला पाच जण बसले होते, त्यांतल्या कुणी हे विचारलं नव्हतं. तिच्या बापाला मी लग्नानंतर एकदा सांगितलं होतं, त्यानेही नाही.

“चौदाव्या दिवशी घरी गेला.”

“कसा?”

“चालत,” मी म्हणाले. “जिन्यापर्यंत पिशवी मी घेत होते, तर देईना.”