ब्रिजपासून सुकाणूपर्यंत चौदा माणसं

दीनानाथ कॅनडात व्हिटबीला मुलीकडे आले ते २०१७च्या मार्चमध्ये. अरुणा आणि जावई कामावर गेले की घरात ते एकटेच. अकरा वर्षांची नात कृतिका शाळेतून यायची, त्यांनी मराठीत काही विचारलं की इंग्रजीत एका शब्दात उत्तर द्यायची आणि बेसमेंटमध्ये निघून जायची. भांडण नव्हतं, बोलायला काही नव्हतं इतकंच.

एप्रिलमध्ये लायब्ररीच्या जुन्या पुस्तकांच्या सेलमधून तिने एक जाडजूड पुस्तक आणलं. निळ्या कापडी बांधणीवर सोनेरी नांगर, आत १८८६ साली कुणा मुलाला बक्षीस दिल्याची चिठ्ठी. पंधरा वर्षांचा इंग्रज मुलगा घरातून पळून जहाजावर चढतो, अशी गोष्ट. आजोबा बत्तीस वर्षं मालवाहू जहाजांवर होते हे तिला ठाऊक होतं, म्हणून अडलेला शब्द विचारायला ती वर आली. मग रोज एक प्रकरण त्यांना वाचून दाखवू लागली.

वादळाच्या प्रकरणात ती अडखळली. जहाजावरचे हिंदी खलाशी डेकवर पडून रडत होते, त्यांतल्या एकालाही नाव नव्हतं, आणि तो मुलगा एकटाच सुकाणू धरून जहाज वाचवत होता. खरंच असं असायचं का, असं तिने विचारलं.

"वादळात रडायला सवड नसते," दीनानाथ म्हणाले.

आणि त्यांनी जे आजवर अरुणालाही सांगितलं नव्हतं ते सांगितलं. १९७९ साली त्यांचं जहाज हॅलिफॅक्सला निघालं होतं. अटलांटिकमध्ये पहाटे वादळ लागलं आणि ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवायच्या वरच्या खोलीतून, सुकाणू वळेना. जहाजाच्या पार मागच्या टोकाला, सुकाणूच्या खोलीत, ते हाताने फिरवता येत होतं, पण तिथून समुद्र दिसत नव्हता आणि ब्रिजचा फोनही बंद पडला होता. तेव्हा चौदा खलाशी ब्रिजपासून त्या खोलीपर्यंत जिन्यांत, बोळांत उभे राहिले. कॅप्टनचा हुकूम एकाने दुसऱ्याला ओरडून सांगायचा. संध्याकाळपर्यंत हेच चाललं. वारा पडला तेव्हा जहाज शाबूत होतं.

सहावीच्या भाषणस्पर्धेसाठी कृतिकाने हीच गोष्ट लिहून काढली. तिच्या गोष्टीत तरुण दीनानाथ एकटेच मागे जाऊन दिवसभर सुकाणू फिरवत होते.

"लिहिलंयस छान," आजोबा म्हणाले, "पण मी सुकाणूवर नव्हतोच. रांगेत आठवा होतो."

"पण आजोबा, स्टोरीत हीरो एकच असतो."

"मधला एक जरी गप्प बसला असता, तरी जहाज गेलं असतं."

ती कागद घेऊन बेसमेंटमध्ये गेली आणि जेवायलाही उशिरा आली. दुसऱ्या दिवशी मात्र वही घेऊन समोर बसली आणि चौदाही जणांची नावं विचारली. गोविंद, इब्राहिम, पास्कोल, हसन... दीनानाथांना सगळी आठवत होती.

भाषणाच्या दिवशी तिने शिक्षिकेची परवानगी काढून वर्गातली तेरा मुलं शाळेच्या लांब कॉरिडॉरमध्ये अंतराअंतराने उभी केली. आठव्या जागी आजोबा होते. दाराशी उभं राहून तिने "पोर्ट टेन", म्हणजे दहा अंश डावीकडे, असा हुकूम दिला. टोकाला तो "फोर्टीन" होऊन पोचला आणि सगळे हसले. दीनानाथांनी आपल्या जहाजी इंग्रजीत समजावलं की ऐकलेलं आधी मागच्याला परत म्हणून दाखवायचं, त्याने हो म्हटलं तरच पुढे सांगायचं. पुढचे सहा हुकूम बिनचूक पोचले. शेजारच्या वर्गाची मुलं दारात येऊन बघत होती. पहिला नंबर दुसऱ्याच मुलीला मिळाला, कृतिकाचा तिसरा आला.

घरी चालत जाताना दीनानाथ परत त्या वादळावर आले. म्हणाले की त्या दिवशी दुपारी, उभ्या उभ्या डोळा लागल्यासारखं होऊन, त्यांनी एकदा डावीकडचा हुकूम उजवीकडचा म्हणून पुढे दिला होता.

"मग?" कृतिकाने विचारलं.

"हसन माझ्या पुढे होता. त्याला शंका आली. त्याने परत विचारलं."

हे गोष्टीत घालू का, असं तिने मराठीतच विचारलं.

"घाल," म्हणाले. "हसनचं नाव नीट लिही."