नजरेची उंची

आमच्या साहेबांना ऑफिसात सगळे फिरकी म्हणतात, अर्थात पाठीमागे. थ्रीडी नकाशावर इमारत उभी राहिली की ते माझ्या हातातला माऊस काढून घेतात आणि ती गरागरा फिरवतात. का फिरवतात, काय बघतात, देव जाणे. “वा, काय दिसतंय!” म्हणतात आणि माऊस परत करतात. एकदा आमच्याकडे उंचीचे आकडे आले समुद्रसपाटीपासूनचे, आणि सॉफ्टवेअर ते जमिनीपासूनचे धरून बसलं. अख्खी गल्ली अधांतरी. खाली रस्ता, वर घरं, मधे नुसतं आभाळ. फिरकीसाहेबांनी ती गल्लीही फिरवली आणि समाधानाने म्हणाले, “हवेशीर वाटतंय.”

अशा माणसाच्या हाताखाली मी इमारती बनवते. बनवते म्हणजे जमिनीवर तिचा आराखडा आखायचा, तो धरून वर ओढायचा, मजले पाडायचे, कोपरे कापायचे, जिने बसवायचे. मग शेजारपाजारच्या प्रत्येक खिडकीमागे एक ठिपका ठेवायचा. ठिपका म्हणजे तिथे राहणारा माणूस. नवी इमारत झाल्यावर त्या माणसाला समोरचं दिसेल की नाही, हे सॉफ्टवेअर सांगतं. दिसणार असेल तर खिडकी हिरवी, नाही तर लाल. लाल खिडक्या फार झाल्या की मंजुरी अडते, म्हणून साहेबांना हिरवा रंग अतिशय प्रिय आहे.

आता बाबांबद्दल. बाबांनी जन्मभर बस चालवली आणि जन्मभर त्यांचं ठाम मत होतं, की बस फक्त त्यांनाच चालवता येते. अर्धांगाचा झटका आला तेव्हा उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. आम्ही त्यांचा पलंग खिडकीला लावला. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. समोर रस्ता, पलीकडे मोकळा प्लॉट, आणि त्यामागे चढावर बस डेपो. डेपोच्या फाटकातून बाहेर पडताना अवघड वळण आहे. उशीवर डोकं ठेवून बाबांना ते वळण बरोबर दिसायचं.

बोलणं शिकवायला एक ताई येत. सुरुवातीला त्या बाबांना चित्रं दाखवत. हा कप, ही खुर्ची. बाबा त्यांच्याकडे विनातिकीट प्रवाशाकडे बघावं तसं बघत आणि तोंड मिटून घेत. कितीतरी दिवस असेच गेले. मग एका सकाळी कुणा ड्रायव्हरने वळण चुकवलं, बस मागे घेतली, पुन्हा चुकवलं, आणि पलंगावरून स्वच्छ आवाज आला.

“गाढव.”

आईच्या हातातला चमचा पडला. ती रडायलाच लागली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या शब्दाने तिला एवढा आनंद पूर्वी कधी झाला नव्हता.

ताई शहाण्या. त्यांनी चित्रं पिशवीत टाकली. “शिव्या तर शिव्या. शब्दच आहेत ना? देऊ देत त्यांना.” बाबांनी दिल्या. आधी एकेक शब्द, मग दोन-दोन, मग “ब्रेक कशाला दिलाय?” असं अख्खं वाक्य. दुसऱ्यांची अक्कल काढता काढता माझ्या बाबांना भाषा परत मिळत होती.

आणि नेमकं त्या मोकळ्या प्लॉटवर पार्किंगची इमारत उभी करायचं काम आमच्याच ऑफिसला मिळालं. इमारत बुटकी होती, पण तिच्या गच्चीवर साहेबांनी स्वतःच्या हाताने एक उंच, भरीव कठडा काढला होता. कशाला? “भारदस्त दिसतो,” म्हणे. मोटारी ठेवायच्या जागेला भारदस्तपणा!

मी इमारत वर ओढली, ठिपके ठेवले. आमची खिडकी हिरवी झाली. मला पटेना. मग लक्षात आलं. सॉफ्टवेअरमधला माणूस उभा असतो. धडधाकट, ताठ, खिडकीशी उभा राहून देखावा बघणारा. त्याला दुसरा उद्योग नसतो आणि आजारपण तर नसतंच. मी तो ठिपका धरला आणि खाली आणला, बाबांच्या उशीपर्यंत. खिडकी लाल झाली. डेपो नाही, वळण नाही, समोर फक्त साहेबांचा भारदस्त कठडा.

मी साहेबांना बोलावून दाखवलं.

“अहो मॅडम, नियमात उभा माणूस आहे,” ते म्हणाले.

“माझे वडील झोपून असतात, सर.”

“मग ते नियमात बसत नाहीत.”

“ते कशातच बसत नाहीत. बसता आलं असतं तर प्रश्नच नव्हता.”

साहेबांना विनोद कळला नाही. मी विनोद केलाही नव्हता. कठड्याऐवजी गज लावले तर चालेल, मजबुती तेवढीच राहील, खर्चही वाढणार नाही, असं सगळं मी समजावून सांगितलं. त्यांनी ऐकता ऐकता इमारत दोनदा फिरवली. “एका माणसासाठी डिझाइन बदलायचं? उद्या कुणी म्हणेल, आमचं मांजर खिडकीत बसतं!” ठिपका परत वर न्यायला सांगून ते जेवायला गेले.

ठिपका मी वर नेला. खिडकी हिरवी केली. आज्ञापालन झालं. मग ते पोळीभाजी संपवेपर्यंत मी कठड्याची एकेक भिंत निवडून उडवली आणि तिथे लोखंडी गज उभे केले. गाडी अडेल इतके जाड, नियमातले. साहेबांनी नंतर मॉडेल पाहिलं, म्हणजे फिरवलं, आणि “वा!” म्हणाले. स्वतःचा लाडका कठडा गायब आहे हे त्यांना दिसलं नाही. एवढे धडधाकट, ताठ उभे, पण दिसलं नाही.

मंजुरीच्या बैठकीत अध्यक्षबाईंनी चष्मा वर केला. “गच्चीला भिंत नाही का? गज कसे?”

फिरकीसाहेबांनी पडद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी लॅपटॉपच्या वायरकडे पाहत होते. साहेबांनी माऊस घेतला, इमारत एकदा फिरवली, पुन्हा एकदा फिरवली आणि घसा साफ केला. “मुद्दाम ठेवलेत, मॅडम. हवेशीर.”

“छान,” बाई म्हणाल्या आणि मॉडेल मंजूर झालं. मंजूर मॉडेलप्रमाणेच बांधकाम होतं. परतताना साहेबांना मला रागावताही येईना. रागावणार कसे? कौतुक तर त्यांनीच खिशात घातलं होतं. फिरकीची फिरकी घेतल्याचा मला आनंद झाला, अगदी मनापासून.

तो फार टिकला नाही. बांधकाम सुरू झालं आणि समोर हिरवं कापड चढलं, तळापासून वरपर्यंत. डेपो गेला. बाबा दोन-चार दिवस त्या कापडाकडे बघत राहिले आणि मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. शिव्या थांबल्या, मग होकार-नकारही थांबले. ताईंनी पुन्हा कप आणि खुर्ची काढली. जाताना दारात मला हळूच म्हणाल्या, “गेलेले शब्द दरवेळी परत येतातच असं नाही हं.” मला त्यांचा राग आला, साहेबांचा आला, हिरव्या रंगाचा तर इतका आला की मी घरातला हिरवा पडदा काढून टाकला. खरं सांगायचं तर मी घाबरले होते. गजांमधून फटीफटीने दिसणारं वळण बाबांना पुरेल की नाही, हे कुठलंही सॉफ्टवेअर सांगत नव्हतं.

कापड एका रविवारी उतरलं. आम्ही बाबांना खिडकीकडे वळवलं. मी गुडघे टेकून त्यांच्या उशीला गाल लावला. दिसत होतं. गजांमधून डेपोचं फाटक दिसत होतं, वळण दिसत होतं.

एक बस बाहेर पडली. बाबा बघत राहिले. दुसरी बस आली, वळणावर खडखडली, गेली. बाबा गप्प. आई पेज घेऊन बसली होती, तिने वाटी खाली ठेवली. तिसरी बस आली, तेव्हा बाबांचा ओठ वाकडा झाला.

“कोण…” ते म्हणाले. थांबले. जीभ शोधत राहिले. “कोण गाढवानं… हे गज लावलेत? एक नेमका… वळणावर!”

मी वाकून पाहिलं. खरंच होतं. एक गज बरोबर वळणाच्या आड येत होता. मॉडेलमध्ये एका क्लिकवर वीतभर सरकला असता. माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आई माझ्याकडे बघत होती. तिला सगळं माहीत होतं. मी डोळे पुसले आणि म्हणाले, “असेल कुणीतरी अर्धवट, बाबा.”

“अर्धवट नाही,” बाबा म्हणाले. बराच वेळ तोंडातल्या तोंडात काहीतरी जुळवत राहिले. मग ते जुळलं.

“बिनडोक.”

आजारपणानंतरचा तो त्यांचा सगळ्यात अवघड शब्द होता आणि तो माझ्या वाट्याला आला होता.