सरपंचबाईंची तिसरी

२००३ सालचा पावसाळा. शाळेत शिकवायला निघण्याआधी मी पेपर चाळत होते आणि आतल्या पानावरची एक बातमी वाचून हातातला चहा तसाच राहिला. दोनपेक्षा जास्त मुलं असणाऱ्याला पंचायतीत बसता येणार नाही, हा कायदा दिल्लीच्या सुप्रीम कोर्टाने उचलून धरला होता. खटला हरियाणाचा होता, पण कायदा आपल्याकडेही होताच. खाली आणखी एक वाक्य होतं: जादाचं मूल दत्तक दिलं म्हणून पद वाचत नाही.

आमच्या घरात नेमकं हेच करून ठेवलेलं होतं.

चांदवडजवळच्या आमच्या गावात माझी धाकटी भावजय सुवर्णा सरपंच होती. खुर्ची तिची, शिक्का माझ्या भावाच्या, भारतच्या, खिशात. एक मुलगा, एक मुलगी होती आणि सरपंच झाल्यावर तिला पुन्हा दिवस गेले. विरोधी पार्टीचा मोतीराम टपूनच बसला होता. मग भारतने शक्कल काढली. आमचा थोरला भाऊ झुंबर आणि लताबाई यांना मूलबाळ नव्हतं. होईल ते बाळ त्यांच्या ओटीत घालायचं, म्हणजे पोर घरात आणि पदही घरात. सगळ्या गावालाही यात मोठी हुशारी दिसली.

मुलगी झाली, मनाली. सव्वा महिन्याची होताच ब्राह्मण बोलावला, लताबाईंची ओटी भरली, दत्तकपत्राची रीतसर नोंदणी केली. मला कळलं ते जेवणाच्या आमंत्रणातून. मी भारतला नको नको ते बोलले. तो म्हणाला, तुझं आत्यापण तर कुठं जात नाय ना? असा राग आला होता मला! सुवर्णाने मात्र दाखवली तिथं सही केली. पोर काय परगावी चालली का, भिंतीपलीकडं तर हाय, असं सगळ्यांनी तिच्या कानीकपाळी ओरडून ठेवलं होतं.

बातमी सांगायला मी गावी फोन लावला. ऐकून भारत 'पद गेलं आता' एवढंच म्हणाला. सुवर्णाने त्याच्या हातून फोन घेतला. ती रडेल असं मला वाटलं होतं, तर ती चक्क हसली.

"पद जाणार म्हणता ताई? म्हंजे माझी मनाली मला परत मिळंल."

मलाही ते अगदी सरळ वाटलं. ज्यासाठी दिली तेच राहिलं नाही, तर मुलगी आईकडे यायला अडचण कसली?

मोतीरामने तक्रार केलीच. दिवाळीनंतर नाशिकला कलेक्टर कचेरीत सुनावणी झाली. सुवर्णा ठेवणीतली साडी नेसून आली होती. तीन अपत्ये असल्याने सरपंचबाई अपात्र, असा निकाल लागला. भारत मान खाली घालून गाडीला किक मारून निघून गेला. सुवर्णा जवळजवळ पळतच वकिलाच्या ऑफिसचा जिना चढली. मी तिच्या मागे.

वकील भला माणूस होता. त्याने आधी तिला पाणी दिलं. मग सांगितलं की दत्तक कायदेशीर आहे, आईबापांच्या संमतीने झालेलं आहे, आणि असं दत्तक मोडता येत नाही. देणाऱ्याला नाही आणि घेणाऱ्यालाही नाही.

त्याने पुन्हा सांगावं, काहीतरी वेगळं सांगावं, म्हणून मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. सुवर्णाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती अगदी हळू बोलली.

"साहेब, आत्ता तिथं म्हणाले, तुला तीन लेकरं हायेत, घरी जा. मग तिसरी माझी नाय, असं तुम्ही कसं म्हणता?"

"कायद्यात दोन्ही बरोबर आहे, बाई," तो म्हणाला आणि समोरचे कागद सारखे करू लागला. असला कायदा जाळावा असं मला वाटलं, आणि त्याच्या आधी माझ्या भावाची हुशारी.

एसटीने आम्ही गावी पोचलो तेव्हा मनाली रडत होती. वरचं दूध तिला सोसत नसे, म्हणून अजूनही सुवर्णाच तिला पाजायची. भारतने घरी येऊन सगळं सांगितलेलं दिसत होतं. लताबाई पोरीला छातीशी घट्ट धरून ओट्यावर उभ्या होत्या. बाई वाईट नव्हत्या. कित्येक वर्षं नवस करून थकलेल्या, आणि आज भेदरलेल्या. आजवर बाळाला पुढे करताना त्या 'जा आईकडं' म्हणायच्या, मी स्वतः ऐकलेलं आहे.

सुवर्णाने हात पुढे केले. लताबाई थोडा वेळ हलल्याच नाहीत. मग तिच्याकडे न बघता त्यांनी बाळाला पुढे केलं.

"जा मनाली, काकूकडं जा. दूध पी आन् लगेच ये."

सुवर्णाने माझ्याकडे एकदा बघितलं. मग पदर सारला आणि ओट्याच्या कडेला बसून पोरीला पाजायला घेतलं.