संदर्भ : इंटरनेट

आमच्या धोडी कुळाची वंशावळ सुनिलदादाने २०१८ च्या मे महिन्यात छापली. सुनिलदादा माझा चुलतभाऊ. तलासरीला त्याचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे, त्यामुळे जगातली सगळी माहिती आपल्या काउंटरमागे येऊन बसलीय असा त्याचा समज. मी, जयश्री, डहाणूला शाळेत इतिहास शिकवते. तरी छापण्याआधी त्याने मला एक पान दाखवलं नाही. माझ्या रागात तेही होतं, हे आधीच सांगून टाकते.

प्रकाशनाला तलासरीतला एक हॉल घेतला होता. पाड्यापाड्यांवरून शंभरेक माणसं आली. पुस्तिका हातात पडताच मी नावं सोडून तळटीपा वाचल्या. सत्तावीस होत्या. सव्वीस ठिकाणी एकच ओळ : 'संदर्भ : इंटरनेट.'

"दादा, इंटरनेट हे काय गाव आहे?" मी विचारलं. "कुठलं पान, कोणी लिहिलं, तू कधी बघितलंस, काहीच नाही?"

"नेटवर आहे म्हणजे आहे. खोटं असतं तर ठेवलं असतं का कोणी?"

असं उत्तर देणाऱ्याला मी वर्गाबाहेर उभं करते. इथे तो माइकपाशी जाऊन उभा राहिला आणि वाचू लागला.

"लडक्या धोडी यांना दोन मुलगे. थोरले जिव्या, म्हणजे आमचे आजोबा. धाकटे चैत्या, निपुत्रिक."

पहिल्या रांगेत गंगी आत्या बसली होती. ऐंशीच्या पुढची, उधव्याकडच्या पाड्यावरून जीपने आलेली. तिला नीट ऐकू आलं नाही. शेजारच्या बाईने कानात सांगितलं, "तुझ्या बापाला पोरच नव्हतं म्हणतो."

आत्या उठली. "मंग मी कोणाची?"

हॉल हसला. ती हसली नाही.

"दात काय काढता? बाप गेला तवा मी त्याच्या पायाशी बसलेली. सांग रे, मी कोणाची?"

सुनिलदादा लाल झाला. "आत्या, रेकॉर्ड तसं आहे."

"तुझं रेकॉर्ड बसलेलं काय तिथं?"

मला उकळ्या फुटत होत्या. सत्तावीसपैकी पूर्ण पत्ता दिलेली एकच तळटीप होती, आणि ती नेमकी चैत्याच्या नावापुढे. "ते पान पडद्यावर उघड," मी सगळ्यांदेखत म्हटलं. त्याने लॅपटॉपवर उघडलं. कुठलीशी वंशवृक्षांची साइट. 'चैत्या धोडी. अपत्ये : नाहीत.'

"आता खाली जा. माहिती कोणी भरली ते तिथे असतं. बघू तरी, कोण दिवटा आहे तो."

तो खाली गेला. 'माहिती भरणारी व्यक्ती : जयश्री धोडी, डहाणू. ऑगस्ट २०१५.'

सुनिलदादाने ती ओळ माइकवरून दोनदा वाचली. त्याच्या जागी मी तीनदा वाचली असती.

शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात आम्हाला ती साइट दाखवली होती. सराव म्हणून मी घरची नावं भरली होती आणि विसरून गेले होते. चैत्याला मुलं होती की नाही, मला ठाऊक नव्हतं, म्हणून रकाना रिकामा सोडला. साइटने रिकाम्याचं 'नाहीत' केलं. आणि गंगी आत्या? लहानपणापासून ती आमच्यासाठी 'उधव्याची आत्या'. ती कोणाची मुलगी, हे मी कधी विचारलंच नव्हतं. मुलांना पुराव्याचं महत्त्व मात्र दरवर्षी शिकवते.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं तिच्याकडे गेलो. आत्याने अंगणात बाज टाकली, कोरा चहा दिला.

"आलात? मशिनीला विचारून झालं?"

सुनिलदादा मान खाली घालून म्हणाला, "झालं."

तिने सांगितलं, मी लिहिलं. बापाला दोन मुली. धाकटी लाडकी, चार पावसाळ्यांची होऊन तापाने गेली. लाडकीचं नाव आम्ही दोघांनी पहिल्यांदा ऐकलं. मी लिहिलेलं वाचून दाखवलं तेव्हा आत्याने एक चूक काढली. बाप भातकापणीत गेला, लावणीत नाही. ती दुरुस्त करून मी खाली लिहिलं : 'चैत्याची मुलगी गंगी हिने स्वतः सांगितले, तिच्या अंगणात, २७ मे २०१८.'

सुनिलदादाने दुरुस्तीच्या चिठ्ठ्या छापल्या. सगळ्या पुस्तिका परत गोळा होणार नव्हत्या. ज्या मिळाल्या, त्यांत आम्ही दोघांनी त्याच्या दुकानात बसून त्या चिकटवल्या. मी साइटवर जाऊन माझी नोंदही बदलली. तेव्हा दिसलं, मधल्या तीन वर्षांत आणखी दोन साइट्सनी माझं पान जसंच्या तसं उचललं होतं. दोन्हींना पत्रं लिहिली. एकीने पोचपावतीचा ईमेल पाठवला, दुसरीने तोही नाही. त्या दोन पानांवर चैत्याला अजून मूल नाही.