बघण्याची हजेरी

कामाच्या वेळी एखादा माणूस नुसता बसलेला दिसला, की आपल्याला राग येतो. इंद्रायणीलाही आला.

१९९७ सालची गोष्ट. वडील, भगवंत पेंटर, वारल्यावर तिने जुन्नरचं त्यांचं बोर्ड रंगवण्याचं दुकान चालवायला घेतलं. पुण्यातल्या ऑफिसात आठ वर्षं काढलेली. आल्याआल्या तिने हजेरीची वही सुरू केली. नऊ ते सहा, हातात ब्रश! रंगवणारा एकटा सोपान, वडिलांच्या हाताखाली तयार झालेला.

बेल्ह्याच्या बाजारतळालगतची लांब भिंत एका बियाणेवाल्याने रंगवायला दिली. पहिल्या दिवशी सोपान समोरच्या चहाच्या टपरीवर बसून राहिला.

"किती झालं?" संध्याकाळी इंद्रायणीने विचारलं.

"आज बघितलं, ताई. बाजार भरला की आजून एकदा बघतो, मग हात घालतो."

"सोपानदादा, बघायचा पगार कुणी देतं का?"

दुसऱ्या दिवशी सोपानने ब्रश उचलला. तिने कागदावर काढून दिलं होतं तसं, वर 'खात्रीशीर' आणि खाली बियाणेवाल्याचं नाव, त्याने दोन दिवसांत भिंत पुरी केली. अक्षरं देखणी होती.

बाजाराच्या दिवशी सकाळीच बियाणेवाल्याचा फोन आला. "अवो मॅडम, माझं नाव कुठंय? सगळे टेम्पो भितीला लागल्यात. वर नुसतं 'खात्रीशीर' दिसतंय. लोक इचारत्यात, कोण खात्रीशीर?"

"तुमच्या लक्षात नाही आलं?" इंद्रायणी सोपानवर चिडली.

"बघू नको म्हनला व्हता ना, ताई." सोपानने ब्रश धुतले, फडक्यात गुंडाळून तिच्या टेबलावर ठेवले. "कागदावरचं भितीवर उतरवायला कुनीबी चालंल. येतो मी."

सोपान गेला, तर दुकान संपलं. आणि वडिलांचं मागे उरलेलं होतं ते एवढंच.

ते ब्रश पिशवीत टाकून ती तडक बेल्ह्याला गेली. टपरीवाल्या ठकूबाईंनी तिला ओळखलं.

"भगवंताची लेक ना? बस. ह्याच बाकड्यावर तुझा बाप आन सोपान पुरा बाजार बघत बसायचं. टेम्पो कुठं लागतो, ऊन कुठनं येतं, गाडीवाला मान कुठं वळवतो. मी म्हनायची, 'पेंटर, बसून बसून लई दमला असाल!' तर म्हनायचा, 'ठकूबाई, अर्धी भित रंगवून झाली!'"

इंद्रायणीला आठवलं. काही संध्याकाळी वडील घरी येत, तेव्हा हाताला रंगाचा ठिपकाही नसे. तरी ते दमलेले असत. का, ते तिने कधी विचारलंच नव्हतं. तिने चहा संपवला. थोडा वेळ ती तिथेच बसली.

परतताना ती बोरी बुद्रुकला, सोपानच्या गावी, उतरली. सोपान अंगणात होता.

"दादा, चूक माझी. पुढच्या बाजाराला बेल्ह्याला बसू. मी पण येते."

"तुमी? नुसतं बसायला?"

"नुसतं बसायला!"

सोपान हसला. फडक्यातले ब्रश तिने त्याच्यापुढे ठेवले.

नंतर भिंतीवर नाव चढलं ते टेम्पोच्या टपाच्याही वर, वळणावरूनच वाचता येईल असं. बियाणेवाल्याने स्वतः चहा पाजला.

मंडळी, मनाने घडवायच्या कामाचा मोठा भाग डोळ्यांना दिसत नाही. हात थांबलेला दिसला म्हणून काम थांबलं, असं समजू नये. अशा माणसावर देखरेख करायची, तर आधी त्याच्या शेजारी बसून तो काय बघतोय, ते बघावं.

हजेरीची वही इंद्रायणीने बंद केली नाही. दोघं बेल्ह्याला बसून आली, त्या बाजाराच्या दिवशी सोपानच्या नावापुढे तिने स्वतःच्या हाताने लिहिलं: 'बघितलं. पूर्ण दिवस.'