मुकुट कुठून जाईल?

मित्रांनो, डोळे मिटा आणि कल्पना करा. पेणजवळच्या हमरापुरात गणपतींचा एक कारखाना आहे. ओळीने मूर्ती वाळत आहेत आणि रंगांच्या डब्यांपलीकडे, जुन्या ओढणीखाली झाकलेला मी बसलो आहे. मी एक जुना संगणक आहे.

पूर्वी मी एका कचेरीत नकाशे करायचो. नवी यंत्रं आली आणि मी कोपऱ्यात पडलो. मग कारखान्याचे मालक दत्ताभाऊ यांच्या बहिणीने, शिल्पाआत्याने, मला इथे आणलं. माझ्यातला नकाशा थराथरांचा असतो: एकावर रस्ते, दुसऱ्यावर पूल, तिसऱ्यावर गावांच्या कमानी.

गेल्या वर्षी मोबाइलच्या नकाशाने जवळचा रस्ता दाखवला आणि कमानीला लागून मूर्तीचा मुकुट फुटला. मोबाइलला गाडी कळते, गाडीवरचा गणपती कळत नाही. म्हणून आत्याने वाटेवरच्या उंची मोजून माझ्यात भरल्या. इंटरनेट नसलं तरी मूर्ती कुठून जाईल, हे मी सांगतो. पण आज कुठला रस्ता खणला आहे, हे मला घरबसल्या कसं कळणार? ते मोबाइललाच ठाऊक.

यंदा रोह्याला द्यायची उंच मूर्ती टेम्पोत घेऊन दत्ताभाऊ निघाले. माझ्यासमोर त्यांची मुलगी मृणाली बसली. नागोठण्याच्या पुढून त्यांचा फोन आला.

“रस्ता बंद हाय गो! मोबाइल रेल्वेच्या पुलाखालून जा म्हणतो.”

तिने माझ्यातल्या पुलावर टिचकी मारली. “नको बाबा, मुकुट अडकेल! डावीकडच्या गावातून जा.”

“तुझा डबा बोलतो की!” टेम्पोवाला फैजल हसला. “पण तिथली कमान लागायची नाय ना?”

त्या कमानीची उंची कुणी भरलीच नव्हती. मला सांगितलंच नाही, ते मी कुठून आणू? मृणालीला कमानीपुढचा रिकामा चौकोन दिसला.

“माहीत नाय, फैजलचाचा. उतरून मोजा.”

त्यांनी बांबू लावून मोजलं. मुकुटावर वीतभर जागा उरत होती. टेम्पो हळूच पलीकडे गेला आणि फोनमधून “मोरया!” ऐकू आलं.

मित्रांनो, आमच्यावरची धूळ पुसत जा आणि आमच्यात खरं तेच भरा. आमचं तेवढंच मागणं.

मृणालीने कमानीची उंची माझ्यात भरली आणि तो नकाशा ऑनलाइन टाकला, म्हणजे सगळ्यांना मोबाइलवर दिसेल. शेजारच्या विलासकाकांची मूर्ती दुसऱ्या दिवशी रोह्यालाच जाणार होती. मृणाली धावतच त्यांच्या कारखान्यात शिरली.

“काका, तुमच्या बाप्पाची उंची किती?”